काळ्या मातीवरची पुस्तकं

गुरुसिद्धप्पा सर पालमच्या शाळेतून निवृत्त झाले आणि घरामागच्या जागेत त्यांनी आपलं ग्रंथालय बांधलं. एकच लांब दालन. खिडक्या उत्तरेला आणि उंच, म्हणजे उजेड यावा पण ऊन पुस्तकांवर पडू नये. दक्षिणेची भिंत दीड हात जाड, तिच्यातच खालपासून छतापर्यंत फडताळं. नकाशा सरांनी स्वतः वहीत काढलेला. दिवाळीनंतर पस्तीस वर्षांत जमवलेले कोश, पोथ्या, मोडीची दफ्तरं तिथं लागली. मार्चमध्ये त्या भिंतीला भेग गेली.

गवंडी सटवाजीनं भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवली. काच तडकली तर भिंत अजून हलतेय असं समजायचं. तेव्हापासून सरांचं वाचन सुटलं. पान उघडायचे, उठायचे, काच बघायचे. जेवता जेवता मागच्या दारी जायचे. "तुमच्या बघण्यानंच तडकायची ती," त्यांच्या पत्नी उमादेवी म्हणाल्या.

बाहेर सर सांगत सुटले की सटवाजीनं काम कच्चं केलं. ते ऐकून किराणावाल्या बन्सीधरनं दुकानाचं बांधकाम त्याच्याकडून काढून घेतलं.

नवव्या दिवशी काच तडकली. सर सटवाजीला सिमेंट किती, वाळू कुठली, असं विचारत राहिले. तो थापी पुसत होता.

"माल बराबर हाय, सर. पाया काळ्या मातीत हाय, ती फुगती, आकसती. मुरूम लागायला दोन हात राहिले व्हते. तुमीच म्हनलात, भरा."

सरांना ती सकाळ आठवली. पायाभरणीला मठाचे म्हातारे स्वामी लांबून आले होते. मुहूर्त नऊ चाळीसचा. सर मुहूर्त मानत नव्हते, वर्गात त्याची टिंगल करायचे. पण उन्हात उभ्या स्वामींना थांबा म्हणायला त्यांची जीभ रेटली नव्हती.

"मग तू जोर का लावला नाहीस?"

"तुमी लय शिकलेले. वाटलं, पुस्तकांच्या वजनाचा हिशेब केला आसंल."

सरांनी तो केला नव्हता.

उपाय होता. भिंतीखाली तीन फूट लांबीचा तुकडा मुरमापर्यंत खणायचा, तिथून भरून घ्यायचा, मग पुढचे तीन. सगळं एकदम उघडलं तर भिंत बसेल. पावसाच्या आत संपवायचं आणि आधी फडताळं रिकामी करायची. सटवाजी करायला तयार होता, पण गल्लीतली माणसं पुस्तकं उतरवायला येतील तेव्हा पाया कुणी भरायला लावला हे सरांनी त्यांना सांगायचं. त्याशिवाय पहार लावणार नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली सहा-सात माणसं रांगेत उभी राहिली. सरांच्या पुढ्यात नेमका बन्सीधर. एक फडताळ रिकामं झालं, दुसरं झालं. सर वाकत होते, देत होते, घाम पुसत होते. सटवाजी दारात बसून होता, पहार मांडीवर आडवी.

तिसऱ्या फडताळातला जाड कोश देताना सर पुटपुटले, "चूक माझी होती. मुरूम लागायच्या आधीच पाया मी भरायला लावला."

"काय म्हनलात?" बन्सीधरनं कान पुढं केला.

रांग थांबली. सरांना ते पुन्हा सांगावं लागलं, वर्गात सांगायचे तसं, शेवटच्या बाकापर्यंत.