कवळीवाल्याची बंदूक

भाऊजी, तोंडावर काही सांगायला गेलं की तुम्ही कानातलं यंत्र काढून खिशात टाकता, म्हणून लिहिते आहे. 'तुम्ही असं केलंत' म्हटलं तरी रुसता. तेव्हा ही परक्या माणसाची गोष्ट समजा आणि मधेच चष्मा पुसायला उठू नका.

एक होता कवळीवाला. डॉक्टरांनी दात उपटायचे आणि त्या जागी बसवायच्या कवळ्या याने स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत घडवायच्या. खिडकीत कायम कुणाची तरी बत्तिशी ठेवलेली. गल्लीतले अर्धे म्हातारे याच्या दातांनी हसत, उरलेले याला हसत.

याच्या सासऱ्यांकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं. नव्या जावयाने तिला कौतुकाने हात लावला, तर सासरे भर बैठकीत म्हणाले, "जपून हं! दुसऱ्यांचे दात करणाऱ्याला चावेल ती." सगळे हसले. जावईही हसला, पण ते वाक्य दाढेत अडकावं तसं त्याच्या मनात अडकलं. सासरे गेले, मुलगा नव्हता, बंदूक थोरल्या लेकीकडे, म्हणजे याच्याच घरी आली. आता त्याला एकच ध्यास लागला: बायकोच्या देखत ती एकदा उडवायची.

बंदुकीबरोबरचं सामान केव्हाच गहाळ झालं होतं आणि विकत आणणं याच्या रक्तातच नव्हतं. दारू ठेवायला त्याने कसायाकडून शिंग आणून घरात उकळलं.

"हा वास कशाचा?" धाकटी मेहुणी दारातूनच ओरडली.

"तुझ्या भाऊजींच्या हौसेचा," बायको म्हणाली. "नाकाला पदर लाव आणि बस."

शिंगाचं बूच त्याने हिरडीच्या गुलाबी मसाल्याचं केलं, दारू मोजायचं मापही त्याचंच. नळीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, साफ करायला दात कोरायची जुनी सळई, झटकायला कवळीचा ब्रश. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या उशीच्या अभ्र्याच्या, त्याही दातांच्या मेणात बुडवलेल्या. पिशवी मेहुणीच्या टाकाऊ पर्सची. गजावर खूणही कोरली: दारू आणि गोळी नीट बसली की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यावी.

नेमबाजांच्या क्लबात इतरांकडे चकचकीत पितळी सामान. याने पर्स उघडताच गर्दी जमली.

"अहो, तुमचं शिंग हसतंय की!"

"बंदूक उडणार की दात विचकणार?"

याला राग येईना, उलट चेव आला. एकेक वस्तू हातात घेऊन तो समजावू लागला. बोलता बोलता माप काठोकाठ भरून दाखवलं, चिंधीत गोळी गुंडाळली, गजाने ठासली. खूण नळीच्या आत दिसेनाशी झाली. याला वाटलं, वा, काय झकास बसली! कानावर ठिणगीची इवलीशी टोपी चढवली, नेम धरला, बायकोकडे एकदा पाहिलं आणि चाप ओढला.

टच्च.

दुसरी टोपी. टच्च.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "त्या भरल्या मापातली दारू कुणासाठी ठेवलीत?"

हसून हसून एका म्हाताऱ्याची कवळी गवतात पडली. तीही यानेच केलेली.

"असं सगळ्यांचंच एकदा होतं," एक सभासद म्हणाला. "गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळी ओढून काढायची. हा घ्या माझा."

तेवढी एकच वस्तू याने केली नव्हती. चूक आपल्या हातून होणार, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. "नको, घरी करीन," म्हणून बंदूक खांद्यावर टाकून निघाला. वाटेत बायको म्हणाली, "चावली नाही हो. गिळून बसली." आणि खुदकन हसली. तोही हसला, पण हसू ओठांवरच राहिलं.

मेहुणीच्या घराखालीच लोखंडी सामानाचं दुकान. "येताना एक लांब आट्यांचा स्क्रू आणा," याने सांगितलं. तिने आणला. ती पर्स उघडणार, तोच हा म्हणाला, "अहो, चहा गार होतोय." पुढच्या खेपेला यंत्रच काढून ठेवलं.

पुरे झालं परक्याचं नाटक. भाऊजी, गोळी निघाली की बंदूक पुन्हा उडवावी लागेल, आणि पुन्हा टच्च झालं तर बाबा खरे ठरतील. भ्यालात, दुसरं काही नाही. ताई रोज भिंतीवर तशीच टांगलेल्या त्या बंदुकीखालची धूळ पुसते आणि तुमच्याकडे बघते, ते तरी बघा. बाबांना कवळी तुम्हीच करून दिली होतीत. 'चावेल ती' हे तुमच्याच दातांनी बोलले ते. तो स्क्रू माझ्या पर्समध्ये किल्ल्यांना ओरखडे पाडतोय. रविवारी आणू का? यंत्र कानात घालून उत्तर द्या.