रॅपो शिकवणारे सर

समाजकार्याची पदवी मी ज्या कॉलेजातून घेतली, ते चौबे कॉलोनीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात भरत असे. राज्य नवीन होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, आणि ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या तो कॉलेज काढत होता. आमचा वर्ग बंगल्याच्या स्वयंपाकघरात भरायचा. ओटा फोडायची तसदी कुणी घेतली नव्हती. ओट्यावर खडू आणि डस्टर, सिंकमध्ये मागच्या वर्षीची व्यसनमुक्तीची पोस्टरं, आणि त्या ओट्याला टेकून आमचे विभागप्रमुख आम्हाला माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल शिकवत.

शिकवत म्हणजे लिहून देत. त्यांच्याकडे पिवळे पडलेले कागद होते, ते वाचून दाखवत आणि आम्ही उतरवून घेत असू. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा तेच सांगत. एकदा ते लिहून देत होते, "हर व्यक्ति जैसा है, स्वल्पविराम, उसे वैसा ही" आणि तेवढ्यात झाडूवाली बाई बादली घेऊन दारात आली. "दिखता नहीं क्लास चल रही है? बाहर मर," असं तिला म्हणून त्यांनी त्याच आवाजात वाक्य पुरं केलं, "स्वीकार करना, पूर्णविराम." वर्गातल्या सगळ्यांनी पूर्णविराम दिला. कुणाचं पेन थांबलं नाही.

माझे बाबा रेल्वेत होते, वर्ध्याकडून बदलून आलेले. घरात आम्ही आमची मराठी बोलत असू, धाकटा भाऊ सोडून. त्याला सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. बाबांचं म्हणणं सरळ होतं. "नवीन राज्य आहे, नवीन डिपार्टमेंट निघून राहिले. समाजकल्याणात पोस्टा निघतील. तुले आतापासून डिग्री पाहिजे." मला लोकांसाठी काही करायचं होतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. बाबा ते ऐकून घेत आणि पोस्टांकडे लक्ष ठेवत.

सरांचा आवडता शब्द होता रॅपो. अनोळखी माणसाशी ओळख वाढवून त्याचा विश्वास मिळवायचा, त्याला रॅपो म्हणायचं. ते कसं करायचं याची तालीमच होती. सुती ओढणी घ्यायची, सोन्याचं काही घालायचं नाही, जमिनीवर बसायचं, पाणी दिलं तर प्यायचं. समोरचा बोलत असताना मान हलवायची. "बीच-बीच में हूँ कहो. चेहरे पर करुणा लाओ," असं ते म्हणत आणि स्वतः करून दाखवत. डोळे अर्धे मिटून, ओठ आत ओढून त्यांनी आणलेली ती करुणा पाहिली की मला दातदुखीची आठवण व्हायची. माझ्या शेजारी सदर बाजारातल्या एका सराफाची मुलगी बसत असे. लग्न ठरेपर्यंत काहीतरी शिकायचं म्हणून ती आली होती. करुणा तिला सगळ्यांत छान जमायची.

दुसऱ्या वर्षी आमचं शिबीर लागलं. शहराबाहेर, जिकडे नवी राजधानी उभी राहणार असं बोललं जात होतं, तिकडच्या एका गावात. उद्देश होता स्वच्छता आणि व्यसनमुक्ती. मुलं शाळेत झोपली आणि आम्हा मुलींना एका बाईच्या घरी ठेवलं. बाई चाळिशीच्या, नवरा उरल्याच्या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये पाळीवर, घरी सात-आठ वर्षांची मुलगी. घर दोन खोल्यांचं, पण अंगण इतकं स्वच्छ सारवलेलं, की स्वच्छतेबद्दल त्या बाईला काय सांगायचं हे आम्हाला कळेना. सकाळी ती आम्हाला रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, बासी, कांद्याबरोबर वाढायची. सराफाच्या मुलीने तो खाल्ला नाही. ती बिस्किटांवर राहिली.

पहिल्याच सकाळी बाईने मला विचारलं, "नोनी, तुमन सहर ले आए हव. हमर पारा घलो जाही का?"

त्यांच्या वस्तीचीही जमीन राजधानीत जाणार का, एवढंच तिला हवं होतं. कुणी म्हणे रस्त्यापलीकडचं जाणार, कुणी म्हणे सगळंच. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, सरांना विचारून सांगते.

सर शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. माझा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा पुसला. "यह हमारे उद्देश्य में नहीं आता. तुम रॅपो बनाओ," ते म्हणाले.

तर आम्ही रॅपो बनवला. हात धुण्यावर गाणी म्हटली. दारूवर नाटक केलं, त्यात मी झिंगलेल्या नवऱ्याचं काम केलं आणि गाव मनापासून हसलं. भिंतींना चुना लावून त्यावर निळ्या रंगात घोषणा लिहिल्या. बाई रोज सकाळी विचारायची आणि मी रोज म्हणायची, अजून कळलं नाही. सरांनी शिकवलेली मान मला तिथे हलवावीशी वाटेना.

समारोपाला एक अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. माझी हिंदी स्वच्छ म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. सरांनी आदल्या दिवशी गावातल्या दोघांकडून आभाराची वाक्यं पाठ करून घेतली होती. ते दोघं बोलले. मग मी माईक हातात असताना म्हटलं, आम्ही ज्यांच्या घरी राहिलो त्या ताईंनाही दोन शब्द बोलायचे आहेत. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण पाहुण्यांसमोर ते काही बोलू शकले नाहीत.

बाई उठली. पदर नीट केला. आभार वगैरे काही नाही. "साहब, हमर पारा घलो जाही का नइ जाही, बस अतके बता दव."

मला वाटलं होतं अधिकारी टाळतील. त्यांनी टाळलं नाही. शांतपणे म्हणाले, "हाँ, आपका पारा भी है. अगले महीने घर-घर सर्वे शुरू होगा. इसी कॉलेज के बच्चे करेंगे, आपके सर से बात हो चुकी है. इसीलिए तो कैंप यहाँ रखवाया, कि आप लोगों से पहचान हो जाए."

ते खरं तेच बोलले होते आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईने सरांकडे पाहिलं. सर माईकची वायर तपासत होते. होकारापुरतं "हव" म्हणून ती खाली बसली. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेक जण उठून घरी जायला लागला. नारळ आणि शाल राहून गेली. ज्या भिंती पाडायच्या हे ठरलं होतं, त्या भिंतींवर आठवडाभर आमच्याकडून हात धुण्याच्या घोषणा रंगवून घेतल्या होत्या.

निघताना बाईने आमची अंथरुणं घडी करून दिली.

परतताना बसमध्ये मी सरांच्या सीटजवळ जाऊन उभी राहिले. "सर, आपको मालूम था?"

"मालूम होना और बताना, दो अलग चीज़ें हैं," ते म्हणाले. "इसे गोपनीयता कहते हैं. तीसरे पेपर में है."

होती, तिसऱ्या पेपरात गोपनीयता खरंच होती. माझ्या वहीत ती दोन पानं भरून होती आणि त्यात कुठेही असं लिहिलेलं नव्हतं की ज्याचं घर जायचं त्याच्यापासूनच ते गुप्त ठेवावं. पण या माणसाने ते वाचलं असेल, असं मला वाटत नाही. त्याने ते फक्त वाचून दाखवलं होतं.

पुढच्या महिन्यात वर्ग सर्वेला गेला. मी नाही म्हटलं. घरी बाबा चिडले. "काहून? बाकीचे पोट्टे जाऊन राहिले ना? तू नाही गेली तं ते गाव वाचणार आहे का?"

"नाही वाचणार," मी म्हटलं.

"मंग?"

"मंग काही नाही. मी नाही जाणार."

आई भाजी निवडत होती. "जाऊ द्या ना. नसल जायचं तिले," ती म्हणाली. बाबांनी पुढे बरेच दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. त्यांचा हिशेब मला समजत होता. त्यांचा राग मी कधी मनात धरला नाही. वर्गातले मात्र मला अजून आठवतात, ज्या बाईने आठवडाभर आपल्याला जेवू घातलं तिच्या दारात उभं राहून "दीदी, पहचाना?" म्हणणारे. सराफाची मुलगीसुद्धा गेली. बाईने ओळख दाखवली नाही, असं तिनेच मला आश्चर्याने सांगितलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. ओट्यावर समोसे मांडले होते. सरांनी मुद्दाम विचारलं, "रॅपो की परिभाषा बताइए." मी त्यांनी लिहून दिलेली व्याख्या जशीच्या तशी म्हटली, स्वल्पविराम आणि पूर्णविराम या शब्दांसकट. परीक्षक आधी गोंधळले, मग हसले. सर हसले नाहीत. मला पास होण्यापुरते गुण मिळाले.

बाबांनी सांगितलेल्या पोस्टा निघाल्या, पण मला मिळाल्या नाहीत. मी एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागले आणि तिथेच टिकले. काम मी तिथल्या नर्सांकडून आणि रोग्यांकडून, चुका करत शिकले. कॉलेजातलं एकही वाक्य मला कधी लागलं नाही.

बऱ्याच वर्षांनी सदर बाजारात कापडाच्या दुकानासमोर त्या बाईने मला हाक मारली. बरोबर मुलगी होती, आता उंच झालेली. त्यांना दुसरीकडे घर मिळालं होतं. छत पक्कं होतं, अंगण नव्हतं. नवरा उरल्यालाच होता. मुलगी बीए झाली होती आणि तिला समाजकार्य शिकायचं होतं. कुठे, ते विचारल्यावर तिने आमच्याच कॉलेजचं नाव घेतलं.

मी म्हटलं, दुसरं कुठलंही घे, ते नको.

"अउ तैं कहाँ पढ़े हस?" बाईने विचारलं.

मी सांगितलं, तिथेच.

"त फेर?" ती म्हणाली.

गाड्या हॉर्न देत होत्या, त्या गर्दीत उभं राहून मी दोघींना सगळं सांगायला लागले, बसमधल्या गोपनीयतेसकट. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. बाईला ते नवीन नव्हतं. ती म्हणाली, त्या सरांना ती शिबिरापासूनच ओळखते, आणि मुलीला त्यांच्याकडून डिग्रीशिवाय काही घ्यायचं नाहीये.

मुलीने त्याच वर्षी प्रवेश घेतला. कॉलेज आता स्वतःच्या इमारतीत भरतं. सर निवृत्त झाले आणि पुनर्वसन या विषयावर व्याख्यानं देत फिरतात. आमच्या दवाखान्यातही त्यांना बोलावलं होतं. मी त्या दिवशी कामावर होते आणि सभागृह माझ्या खोलीच्या समोरच होतं. मी दार लावून घेतलं.