ओळ संपल्याची घंटी
काल चहा ढवळताना चमचा पेल्याला लागला, टिंग झालं आणि मला धुळ्याचं आमचं ऑफिस आठवलं. नव्वदच्या दशकातला मे महिना होता. नव्या कॉम्प्युटरच्या खोलीत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास भरलेला असायचा आणि चपला दाराबाहेर काढाव्या लागत. आमच्या टायपिस्ट अक्कांची वीस वर्षं टाइपरायटरवर गेली होती. तिथे ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि त्यांचा डावा हात आपोआप दांडी सरकवायचा. इथे कॉम्प्युटरवर तो हात हवेतच फिरायचा, बोटं अडायची आणि लोक हसायचे. "दुपारपर्यंत पत्र झालं नाही तर यांना आवक-जावकला बसवा," साहेब म्हणाले. अक्का माझ्या कानाशी पुटपुटल्या, "भाऊ, घंटी वाजत नही ना, ओळ सरनी हाई कसं समजी माले?" मग मी शेजारी बसलो आणि ओळ संपत आली की चमच्याने चहाचा पेला वाजवू लागलो. पत्र जेवणाच्या सुट्टीआधीच झालं. आठवडाभर मी रोज असाच पेला वाजवला, मग त्याच म्हणाल्या, "आते ऱ्हाऊ दे, भाऊ." आता नातीने दिलेल्या फोनवर मी एकेक अक्षर शोधत बसतो, ती "आजोबा, लवकर!" म्हणते, तेव्हा वाटतं, शेजारी कोणीतरी पेला घेऊन बसावं.