साडी दिसली, बाई दिसली नाही

माझ्या धाकट्या भावाचा, सुरेशचा, फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात, आमच्या स्वयंपाकघरात, दुपारच्या चहाचं आधण ठेवत होते. "आक्का, भाऊ गेले," एवढंच तो म्हणाला. पलीकडून आईच्या चुलीपाशी कोणीतरी भांडी हलवल्याचा आवाज येत होता. भाऊ म्हणजे आमचे वडील. घरात काका आणि आत्या त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून आम्हीही तसंच म्हणायला लागलो आणि मग ते बदललंच नाही. जेवून ओटीवरच्या बाकावर आडवे झाले होते. आई चहाला उठवायला गेली, तर उठले नाहीत. सत्त्याऐंशी वर्षांचं वय, दुखणं काही नाही, कोणाला त्रास नाही. लोक म्हणतात, असं मरण मागून मिळत नाही. खरं असेल. पण मला मात्र अजून वाटतं की त्या दिवशी मी तिथं असते, तर चहाला मीच उठवायला गेले असते.

आज याला सहा आठवडे झाले. दिवाळीत मी माहेरी, मांडवीला, गेले होते तीच शेवटची भेट. एका सकाळी मला म्हणाले, "चल, जेटीपर्यंत जाऊन येऊ." डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून मांडवीच्या रस्त्यानं चालले. आमची जुनी शेड जिथं होती तिथं थांबले आणि मला म्हणाले, "तू पुढं जा. त्या वळणापर्यंत जा नि मागं फिर." मी गेले, फिरून आले. म्हणाले, "माझी पोरगी हायस हे ठाऊक होतं, म्हणून ओळखलं. नायतर कोण जाणे." आणि हसले. ते कशाबद्दल बोलत होते हे मला माहीत होतं. मांडवीतल्या जुन्या माणसांनाही माहीत असेल. पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं.

भाऊ होड्यांचे सुतार. नवी होडी बांधायची, जुनीच्या फळ्या बदलायच्या, फटींत कापूस ठासायचा, डांबर फासायचं. पहाट फुटली की शेडवर. मी तिसरीत असेन तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. दत्ताराम नावाचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, जेटीच्या कडेच्या खडकांत मेलेला सापडला. डोक्याला खोक पडलेली, अर्धं अंग पाण्यात. त्याची बायको शेवंती. ही त्याची दुसरी बायको, पहिली बाळंतपणात गेली होती. शेवंती राजापूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची, जात वेगळी. दर्यावरच्या घरात तिचं काही पटत नव्हतं. मोठ्यानं हसायची, दिरांना उलट बोलायची, एकटी बाजारात जायची, आणि लग्नाला चार वर्षं होऊनही पदरात मूल नव्हतं. नवऱ्याला घरी आणला तेव्हा ती रडली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि बघत राहिली. तेवढं पुरलं. दुपारपर्यंत सगळी वाडी म्हणत होती, "तिनंच केलान."

पोलीस शेडवर आले तेव्हा भाऊंच्या भोवती पंधरा-वीस माणसं जमलेली होती. पहाटे कोणाला पाहिलंत का, असं विचारलं. भाऊंनी सांगितलं, जेटीकडे एक हिरव्या साडीतली बाई जाताना पाहिली. लगेच मागून कोणीतरी म्हणालं, "हिरवी साडी शेवंतीचीच." दुसरा म्हणाला, "रात्रभर भांडत होती दोघं." साहेबांनी विचारलं, "शेवंतीच होती का?" आणि भाऊ म्हणाले, "हो, तीच." पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, "मी तेव्हा खोटं नाय बोललो गो. मला खरंच तिचं तोंड आठवायला लागलं होतं. लोकांनी नाव घेतलं नि तोंड दिसलं." त्यांच्या या एका 'हो'वर शेवंती आत गेली. खटला उभा राहीपर्यंत आठ महिने आतच होती.

त्या आठ महिन्यांत गावात दुसरा विषय नव्हता. गावातल्या एका साप्ताहिकानं कोर्टाच्या आधीच तिला 'पतीघातकी' ठरवून टाकलं होतं. नळावर, मासळीबाजारात, न्हाव्याच्या दुकानात तिचीच कथा, आणि दर वेळी थोडी वाढलेली. कोणी म्हणे तिनं दगड उचलला, कोणी म्हणे बरोबर आणखी एक जण होता. तिनं देवाच्या पाया पडणं सोडलं होतं हेसुद्धा पुरावा म्हणून सांगितलं जायचं. आणि या सगळ्यात भाऊंचा मान वाढला होता. 'आमच्या भाऊंनी डोळ्यांनी पाहिलंय,' असं माणसं अभिमानानं सांगायची. शाळेत मुली मला पुढच्या बाकावर बसायला द्यायच्या. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग एका पहाटे भाऊ शेडवर काम करत होते. जेटीच्या वाटेवरून एक बाई येताना दिसली. आई न्याहारीची भाकरी घेऊन येते तशीच चाल, तसाच पदर. त्यांनी हाक मारली, "अगो, आज लवकर कशी?" बाई जवळ आली तर दुसऱ्याच वाडीतली कोळीण, डोक्यावर टोपली. ती हसून निघून गेली. भाऊ हातातलं काम टाकून उभे राहिले. मग वाटेपर्यंत पावलं मोजत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्या दिवशी न जेवताच घरी बसले होते. आई म्हणाली, "काय झालं?" ते म्हणाले, "मी तुला ओळखलं नाय. बारा वर्षं संसार केलेल्या बायकोला ओळखलं नाय. मग तिला कशी ओळखली?"

आईला लगेच कळलं ते कुठं निघालेत. तिनं हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "आता काय बोलू नका तुम्ही. गावात ऱ्हायचं हाय आपल्याला. पोरं हायत." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कोर्टात जायचं होतं. तिनं सकाळी उठून त्यांचा पांढरा सदरा धुतला, निखाऱ्याच्या इस्त्रीनं कडक केला आणि खुंटीला अडकवला. तिच्याकडून आलेला होकार तेवढाच.

कोर्टात मी नव्हते, काका होते, त्यांनी सांगितलं. आत उभं राहायला जागा नव्हती. बाहेरच्या वडाखाली माणसं बसलेली. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या पहाटे तुम्ही कोणाला पाहिलंत?" भाऊ म्हणाले, "साहेब, हिरवी साडी पाहिली. आत कोण होतं ते दिसलं नाय." मागून आवाज उठला. न्यायाधीशांनी शांत बसायला सांगितलं. वकील चिडले. "पोलिसांना तुम्ही शेवंतीचं नाव दिलं होतंत की नाही?"

"दिलं होतं."

"मग तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?"

"तेव्हा लोकांचं ऐकून बोललो. शपथ आज घेतलीय, साहेब." आणि थोडं थांबून म्हणाले, "तशी साडी माझ्या बायकोकडेपण हाय. वाडीत दहा जणींकडे असेल."

काका सांगायचे की शेवंतीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कौतुकानं नाही, उपकार मानूनही नाही. आपल्याला आत घालणारा माणूस हा असा दिसतो तर, तसं पाहिलं.

सरकारनं भाऊंना 'फितूर साक्षीदार' जाहीर केलं. डॉक्टरांनी सांगितलं की अशी जखम शेवाळावरून पाय घसरून खडकावर पडल्यानंही होऊ शकते. बाकी पुरावा असा नव्हताच, नुसती बोलणी होती. शेवंती सुटली. दत्ताराम पडला की कोणी पाडला, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. गावाला मात्र ते आधीपासूनच कळलेलं होतं. त्यामुळे आता एवढंच ठरवायचं राहिलं की भाऊ का फिरले. कोणी म्हणालं, खाल्लेन असतील पैसे. कोणी त्याहून वाईट म्हणालं, त्याचं तिच्याशी काहीतरी असेल. नळावर आईच्या तोंडावर म्हणालं. आई घागर भरून घरी आली आणि कोणाला काही न सांगता माजघरात बसली.

शाळेत मला 'फितुराची पोरगी' म्हणायला लागले. मी घरी येऊन भाऊंना विचारलं, "फितूर म्हणजे काय?" ते म्हणाले, "बाजू बदलतो तो." मी विचारलं, "तुम्ही बदललीत?" म्हणाले, "माझी बाजूच नव्हती गो कुठली. मला लोकांनी एका बाजूला उभा केला, तिथून बाजूला झालो, एवढंच." मला ते कळलं नाही. पुढचे दोन हंगाम त्यांच्याकडे एकही होडी आली नाही. ते पावस गावी जाऊन बागायतदारांकडे आंब्याच्या पेट्या ठोकायचे. शनिवारी घरी यायचे तेव्हा हाताला गवताचा आणि आंब्याच्या चिकाचा वास असायचा. मग ऐन हंगामात एकाची होडी गळायला लागली, दुसरा सुतार मिळेना, तो आला. त्याच्यामागून दुसरा. माफी कोणी मागितली नाही. कामं तेवढी परत आली.

मी पाचवीत असताना ते एकदा मला घेऊन एस.टी.नं राजापूरला गेले. तिथून पुढं चालत. शेवंती भावाच्या घरी राहत होती. अंगणात नाचणी वाळत घालत होती. भाऊंना पाहून तिनं हात पुसले, पण बसा म्हणाली नाही. भाऊ उभ्यानंच म्हणाले, "माझ्या शब्दानं आठ महिने आत काढलेत तुम्ही. तेवढं सांगायला आलोय."

तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "खरं बोललात तुम्ही. पण उशिरा बोललात." मग माझ्याकडे वळली. "मी रडले नाय म्हणून मीच केलं म्हणाली ना सगळी? मला ते मेलेत हेच तेव्हा कळत नव्हतं, बाय. मला वाटत होतं आता उठतील, नि एवढी माणसं बघून माझ्यावरच ओरडतील." तिनं माझं नाव विचारलं, पाणी दिलं. निघताना भाऊंना म्हणाली, "परत येऊ नका. इथंपण लोकांना तोंडं हायत."

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. त्यांचा हात माझ्या केसांवर होता, तो हात आजही जसाच्या तसा आठवतो... बाकीचं पुष्कळसं विसरले.

पुढं माझं लग्न ठरत होतं तेव्हा एका स्थळाकडून निरोप आला, 'ते खटल्यातले सुतार हेच का?' आणि बोलणी थांबली. मी त्या दिवशी भाऊंवर ओरडले. मी म्हणाले, "तुम्हाला गप्प बसता आलं नसतं का? कोण लागत होती ती तुमची?" भाऊ उठले. चपला घालून शेडवर गेले. पुढं माझं सगळं चांगलं झालं, चांगला नवरा मिळाला, पण ते वाक्य मी कधी परत घेतलं नाही. घ्यायचं होतं. दर दिवाळीला ठरवून जायचे. या दिवाळीतही ठरवलं होतं, जेटीवरून परत येताना बोलू म्हणून. मग ते दमले, आणि मी त्यांना दमवायला नको म्हणून गप्प बसले...

एकदा मात्र मी त्यांना विचारलं होतं, "भाऊ, तिनं मारलं असेल का हो?" ते म्हणाले, "मला काय माहीत? मी तिथं होतो कुठं? ती निर्दोष हाय असं मी म्हटलंच नाय कधी. मला दिसलं नाय, एवढंच म्हटलं." शेवंती गेल्याचं त्यांना चार महिन्यांनी, कोणा पाहुण्याकडून कळलं. त्या दुपारी ते जेवले नाहीत. ओटीवर बसून समोरच्या माडाकडे बघत राहिले.

बाराव्याला माणसं पुष्कळ आली. दत्तारामच्या घरातला एक म्हातारा माणूसही आला. फोटोपुढं हात जोडून बसला, मग आईला म्हणाला, "वहिनी, भाऊसारखा माणूस नाय. फक्त ते एक चुकलं त्याचं." पन्नास वर्षं झाली. आईनं चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला. मग शांतपणे म्हणाली, "मी इस्त्री केली होती सदऱ्याला. चुकलं असेल तर दोघांचं चुकलं." म्हाताऱ्यानं चहा घेतला नि निघून गेला. मी आईकडे पाहत राहिले. ती हे कधी बोलेल असं मला वाटलं नव्हतं. भाऊंना तरी वाटलं होतं का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं. सकाळी मी सुरेशच्या शेडवर गेले. आता फायबरच्या होड्या आल्यात, लाकडी थोड्याच येतात, पण एक आली होती. मालक सांगत होता, "तळाची फळी कुजलीय, सगळी म्हणतायत, काढून टाक." सुरेश पुढं झाला. गुडघ्यावर बसला, बोटाच्या पेरानं फळीवर ठोकलं, मग वाकून कान लावला. एक वीत पुढं सरकला, पुन्हा ठोकलं, पुन्हा कान लावला. भाऊ असेच करायचे. असेच डोळे मिटायचे, असाच ओठ जरा मुडपायचे, आणि अख्खा तळ होईपर्यंत कोणी कितीही विचारलं तरी बोलायचे नाहीत. मालक दोनदा घड्याळात बघून चुळबुळला. मी भाऊंच्या स्टुलावर बसून होते. सुरेशचं डोकं फळीला टेकलेलं होतं, आणि त्यानं इतक्यात वर बघू नये असं मला वाटत होतं.