उकंडाभाऊ आवाजाची प्रत लावतात

कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली एक मूठ बाहेर काढायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ती हळूच ओढायची आणि तोंडानं प्रत सांगायची. आमच्या उकंडाभाऊंनी चौतीस वर्षं हेच काम केलं. उमरखेडच्या एका जिनिंगमध्ये ते ग्रेडर होते. त्यांनी प्रत सांगितली की विषय संपला, मग शेतकरी ओरडो की व्यापारी गोड बोलो. मी ढाणकीत त्यांच्या शेजारी राहतो आणि शाळेत मराठी शिकवतो. पालक भेटायला आले की निबंधाचे मार्क मी निमूटपणे वाढवून देतो, त्यामुळे भाऊंच्या या गुणाचं मला जरा जास्तच कौतुक आहे.

उकंडा हे नाव पडलं, कारण त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. तिसऱ्याला उकिरड्याचं नाव दिलं की कोणाची नजर लागत नाही, असा तेव्हाच्या लोकांचा हिशोब. "नजर नाही लागली सर, पण हजेरीच्या टायमाले सारा वर्ग हासे," असं ते स्वतःच सांगतात. वडील त्याच जिनिंगमध्ये हमाल होते, आणि कापसाइतकीच तिथल्या कल्लोळाचीही भाऊंना लहानपणापासून ओळख. "तिथं माणूस, मशीन, ट्रक, शिवी, सारं एकात कालवून कानावर येते. घरी मले असा आवाज पाह्यजे होता का ज्याचा एकएक धागा येगळा होईन." त्यांच्या गाण्याच्या वेडाचं मूळ हे असं आहे. बाकी लोक टीव्ही मोठा घेतात, यांनी आवाज मोठा न करता मोकळा करायचं मनावर घेतलं.

अकरा वर्षांत पुढच्या खोलीचं त्यांनी पार देऊळ करून टाकलं. नागपुरातून जुनी जपानी अॅम्प्ली आणली. स्पीकरची खोकी खेमसिंग मिस्त्रीकडून सागवानाची करून घेतली, तीही इतकी जड की चोर आला तर आधी चार माणसं शोधायला जाईल. मुलीनं, प्रियंकानं, एकदा एका स्पीकरवर मनीप्लांटची बाटली ठेवली, तर बापलेकीत तीन दिवस अबोला झाला. दोन्ही स्पीकरपासून टेपनं मोजून बरोबर मध्यावर भाऊंची खुर्ची. आलागेला बसतो बाजूच्या खाटेवर. मी गेली कित्येक वर्षं त्या खाटेवर बसून "वा" म्हणत आलो आहे. खरं सांगायचं तर मला डाव्या स्पीकरशिवाय काही ऐकू येत नाही, पण चहा चांगला असतो.

आता या गोष्टीतल्या डब्याबद्दल. मोबाइलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी एक डबी मोबाइल आणि अॅम्प्लीच्या मध्ये लागते, तिला डॅक म्हणतात. भाऊ मला समजावतात ते असं: "कापसाची गाठ दाबून बांधली का तिच्यात कापूस असते, पण दिसत नाही. गाठ सोडणारा जसा असन तसा कापूस फुलते." हे शास्त्राला कितपत धरून आहे ते मला माहीत नाही. भाऊंकडे प्रियंकानं पुण्याहून पाठवलेला काडेपेटीएवढा डॅक होता. त्याची प्रत त्यांनी पहिल्याच महिन्यात लावून टाकली होती. "धागा आखूड हाय. थोडा ओलावाही हाय." यंदा त्यांनी ठरवलं, नवा घ्यायचा.

कारण मात्र वेगळंच होतं, आणि ते त्यांनी मला गच्चीवर तुरीला ऊन देताना सांगितलं. कांताबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आजवर काहीच फरक कळला नव्हता. अॅम्प्ली आली, "सारखंच हाय." सागवानी स्पीकर आले, "सारखंच हाय." तार बदलली तेव्हा तर त्यांनी नुसतंच पाहिलं. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर भाऊंनी किडक्या कवडी कापसासारखं बाजूला टाकलं असतं. पण कांताबाईंनी पंचवीस वर्षं अंगणवाडी सांभाळली. चाळीस पोरं एकदम रडत असताना भुकेनं कोण रडतंय आणि लबाडीनं कोण, हे त्या पाठमोऱ्या सांगत. असा कान घरात असून तो आपल्या वाट्याला येत नाही, हे भाऊंना लागलं होतं.

"ह्या टायमालेही ते सारखंच म्हणली ना सर, तं मी सारं इकून टाकतो. एकट्यानं ऐकून कटाळा आला."

मी गंमत समजून हसलो. ते हसले नाहीत.

यवतमाळला अमर नावाच्या तरुणाचं साउंडचं दुकान आहे. भाऊंनी त्याच्याकडून दोन डॅक जाकडवर आणले. जाकड म्हणजे दुकानातल्या साड्या घरी न्यायच्या, सगळ्यांना दाखवायच्या आणि पसंत पडेल ती ठेवून बाकीच्या परत करायच्या. डॅक जाकडवर नेणारं गिऱ्हाईक अमरनं प्रथमच पाहिलं असावं, पण भाऊंनी एकेकाळी त्याच्या आजोबांच्या कापसाची प्रत खरी लावली होती, म्हणून त्यानं आठ दिवस दिले. एक डबा काळा, एक चंदेरी. एसटीत दोन्ही मांडीवर घेऊन भाऊ पुसदमार्गे घरी आले. शेजारच्या बाईनं विचारलं, पेढे कायचे? भाऊ म्हणाले, अजून बारसं व्हायचं हाय.

मग जिनिंगच्या रीतीनं तपासणी सुरू झाली. जिनिंगमध्ये नमुन्याला चिठ्ठी असते, मालकाचं नाव नसतं. तसंच भाऊंनी जुना, काळा आणि चंदेरी अशा तिन्ही डब्यांना एक-दोन-तीन चिठ्ठ्या लावल्या आणि वरून टॉवेल टाकला. गाणं एकच, एका बाईनं गायलेलं जुनं भीमगीत. हे गाणं कांताबाईंना पाठ आहे, पण आजवर त्यांनी ते चौदा एप्रिलला भोंग्यावर ऐकलेलं.

"कांता, ये व इकडं!"

कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात यायच्या, पदराला हात पुसायच्या, चौकटीला खांदा टेकवून अर्धं कडवं ऐकायच्या.

"कसं वाटते?"

"सारखंच हाय."

"आता हा दोन नंबर ऐक."

"तव्यावर भाकर हाय माही," म्हणून त्या आत.

सोमवारी हे झालं, मंगळवारी झालं, बुधवारी भाऊंनी भाकरी होईपर्यंत थांबून पाहिलं. गुरुवारी त्यांनी बाहेरून जेवणाचा डबा आणून स्वयंपाकालाच सुट्टी दिली, तर कांताबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डब्यातली भाजी बेकार हाय, आन् आवाज सारखाच हाय." मी बाजूला घेऊन त्यांना सुचवलं की वहिनी, एकदा खोटं बोलून टाका, माणूस खूश होईल. त्यांनी माझ्याकडे अंगणवाडीतल्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

"खोटं कायले बोलू सर? त्याईनं चौतीस वर्षात कोणाले खोटी प्रत देल्ली का?"

मी पडलो पालकांना भिऊन मार्क वाढवणारा माणूस.

आठव्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी गेलो तेव्हा भाऊ आवराआवर करत होते. काळा आणि चंदेरी दोन्ही डॅक कागदात गुंडाळून झाले होते. खाटेवर खोकी, थर्माकोल, तारा आणि जुनी बिलं पसरली होती. अॅम्प्लीचं खोकंही माळ्यावरून उतरवलेलं दिसलं. हा माणूस खरंच विकायला निघाला होता. जुना काडेपेटीवाला डॅक मात्र जोडून ठेवला होता. "जायच्या आधी शेवटचं ऐकतो," म्हणाले आणि तेच भीमगीत लावलं, पण ऐकत नव्हते. भिंतीकडे तोंड करून जमिनीवर तारा गुंडाळत बसले होते. मी दारातच उभा राहिलो.

तेवढ्यात कांताबाई सुपात तूर घेऊन निवडायला बाहेर आल्या. रोज त्या मागच्या पडवीत निवडतात, पण तिथं त्या दिवशी ऊन आलं होतं. खाटेवर जागा नव्हती. गुडघ्यामुळे त्यांना खाली बसवत नाही. उरली होती एक भाऊंची खुर्ची. त्या तिच्यावर बसल्या, सूप मांडीवर घेतलं आणि तुरीतले खडे वेचू लागल्या.

दोन ओळी झाल्या असतील. त्यांचा हात थांबला. त्यांनी डावीकडच्या स्पीकरकडे पाहिलं, उजवीकडच्याकडे पाहिलं आणि मग दोन्हींच्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "हे बाई मधात काहून उभी हाय?"

भाऊंच्या हातातली तार तशीच राहिली. "कोण बाई?"

"गाणारी. तिथं तं काहीच नाही, पण तिथूनच गाऊन राह्यली ना. पेटीवाला ह्या हाताले बसला, ढोलकीवाला त्या हाताले. आन् मांगं दोघंतिघं जणं हायत टाळ्या वाजवाले." त्यांनी सूप खाली ठेवलं. "भोंग्यात तं कधी मांगचे माणसं नसतेत."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की हसावं की पाणी आणून द्यावं ते कळेना. नवे दोन्ही डॅक कागदात बांधलेले होते. कांताबाईंना जे ऐकू आलं ते त्या जुन्याच, आखूड धाग्याच्या, ओलावा असलेल्या डबीतून. अकरा वर्षं या माणसानं अॅम्प्ली तपासली, लाकूड तपासलं, तार तपासली, आणि बायको कुठं उभी आहे हे एकदाही तपासलं नाही. दोन्ही स्पीकरचा मेळ फक्त त्या एका खुर्चीवर जमतो, हे टेपनं मोजून ठेवणारे हेच, आणि तिथं अकरा वर्षं बसणारेही हेच.

"सोडा ते डबे," कांताबाई म्हणाल्या. "आता लावा एकएक."

खोकी पुन्हा उघडली. टॉवेल आला, चिठ्ठ्या आल्या. कांताबाई डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसल्या. एक नंबर झाला, दोन झाला, तीन झाला. मग पुन्हा तीन, पुन्हा दोन. मला विचाराल तर मला काडीचाही फरक कळला नाही, आणि मी डाव्या स्पीकरजवळही नव्हतो.

"दोन नंबर," त्या म्हणाल्या. "त्या डब्यात ते बाई कडवं धरायच्या आधी दम घेते. बाकी दोघांत घेते, पण लपवून."

टॉवेल काढला. दोन नंबर काळा होता. भाऊंनी कान टवकारून पाहिलं, मान तिरकी करून पाहिली. त्यांना दम काही ऐकू आला नाही. बासष्टाव्या वर्षी कान तेवढं टिपत नाहीत. पण त्यांनी मूठ ओढून बघायचा आग्रह धरला नाही. दुसऱ्यानं लावलेली प्रत त्यांनी जशीच्या तशी मान्य केली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"ऊठ आता," ते म्हणाले, "मी ऐकतो जरासा."

"नाही उठत," कांताबाई म्हणाल्या. "एवढं सारं तुम्ही एकटेच ऐकत होते काय? मले एक डाव म्हणता नसतं आलं का, बस व कांता म्हणून?"

"सरले चहा करतो," एवढं पुटपुटून भाऊ आत गेले. मीही मागोमाग गेलो. ते ओट्याशी उभे होते. पातेलं हातात होतं, त्यात अजून पाणीही नव्हतं. बाहेर कांताबाईंनी स्वतःच गाणं पहिल्यापासून लावलं. भाऊ दारापर्यंत आले, चौकटीला खांदा टेकवून उभे राहिले आणि पूर्ण कडवं ऐकलं. मग मला म्हणाले, "सर, इथून तं खरंच सारंच सारखं येते हो. तिनं प्रत बरोबर लावली होती. मीच तिले इथं उभं केलं होतं."