पात्रतेचा रकाना

विणकामाच्या वर्गातल्या शबानाचा फोन आला तेव्हा मी तोच अर्ज तिसऱ्यांदा भरत होते. "मास्तर गेले की ओ, मॅडम..." एवढंच ती बोलली. समोर रकाना होता, 'विणकाम विभागप्रमुखाची शैक्षणिक पात्रता'. ज्या रकान्यावरून राजेशम मास्तरांनी मला दोन वर्षं छळलं, नेमक्या त्याच रकान्यावर मला सोडून ते निघून गेले. महिना झाला, माझा राग अजून गेलेला नाही.

आमचं कॉलेज म्हणजे सोलापुरातल्या भाड्याच्या इमारतीतल्या पाच खोल्या, आणि मी तिथली कार्यालय अधीक्षक. मास्तर चाळीस वर्षं कारखान्यांत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. शाळा सातवीपर्यंत. आमच्याकडे ते विणकामाचा डिप्लोमा शिकवत. पण पुढच्या डिग्रीसाठी पुणं गाठावं लागे, आणि मोहोळहून एसटीनं येणाऱ्या शबानाला पुण्याला कोण पाठवणार? घरी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. अशात, एखाद्या कसबापुरती पदवी लहान कॉलेजांनाही देता येईल, असं परिपत्रक निघालं. मास्तरांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "म्हंजी डिग्री हितंच? मग भरा की लगेच!" डिग्री सोलापुरातच होणार असेल तर थांबू, असं शबानाचे अब्बा म्हणाले. ते अजून थांबलेत.

मी अर्ज भरला, आणि नको तो शहाणपणा केला. मास्तरांना 'प्रयोगशाळा मदतनीस' दाखवलं आणि तपासणीच्या दिवसापुरता एक पदवीधर तरुण त्यांच्या खुर्चीत आणून बसवला. सगळीकडे असंच चालतं, असं मी स्वतःला समजावलं. विद्यापीठाच्या समितीनं माग चालवून दाखवायला सांगितला. तरुणानं बटण दाबलं, वीतभर कापड झालं नाही तोच एक उभा धागा तुटला आणि माग बंद पडला. तरुण मागाकडे बघतोय, मी दाराकडे डोळे वटारून बघतेय... आणि दारात मास्तर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून उभे. "मी मदतनीस," ते शांतपणे म्हणाले. "सायबांनी सांगितलं, तर मदत करतो की." काय सांगायचं, हेच खुर्चीतल्या त्या तरुण साहेबांना ठाऊक नव्हतं.

अर्ज फेटाळला गेला. "तुमच्यामुळं गेलं!" मी ओरडले. "खोटं हुतं, म्हणून गेलं," ते म्हणाले. "आता खरं भरा." पुढच्या वर्षी मी लिहिलं, सातवी पास, चाळीस वर्षं माग. उत्तर आलं, पात्रता अपुरी. मी रडकुंडीला आले आणि हा माणूस चक्क हसला. "आता खऱ्याला न्हाय म्हणले. आता भांडता येतंय." आणि भांडले. विद्यापीठात खेटे घातले, टेबलाटेबलावर मुलींनी विणलेलं कापड पसरलं आणि एकच विचारलं, "ह्यात चूक कुटं हाय, तेवढी दावा." शेवटी 'अनुभव ग्राह्य धरून फेरतपासणी करू' असं पत्र त्यांनी मिळवलंच. आठ दिवसांनी छातीत कळ आली...

परवा प्राचार्य म्हणाले, "आता त्या तरुणालाच दाखवू. जुना मागही हलवू, दिवसापुरता नवा आणू." मी नाही म्हटलं. नोकरीत पहिल्यांदा. रकान्यात लिहिलं, राजेशम मास्तर, सातवी पास, दिवंगत. त्यांच्या जागी अन्वरभाई, त्यांच्याच हाताखाली तयार झालेले जॉबर, आठवी नापास, तीस वर्षं माग. नाही म्हणायचं असेल तर याला म्हणा. म्हणालेच, तर चौथा अर्ज मी आत्ताच टाईप करून ठेवलाय.

मास्तरांनी मागावर चढवलेलं शेवटचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, गेल्या आठवड्यात संपलं. अशा वेळी विणकर जुने धागे काढून टाकत नाहीत. नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला गाठ मारून जोडतात. मुली दोन दिवस त्या गाठी मारत बसल्या होत्या. मग शबानानं बटण दाबलं. मास्तरांच्या धाग्यांमागून नवे धागे फणीतून सरकत आले... एकही गाठ सुटली नाही. माग चालू आहे. समितीनं कधीही यावं.