तीन शिफ्टचं पाणी

महाळुंग्याच्या अनिताचं माहेर आता एका वेलात राहतं. माहेरचं घर विकलं गेलं, तिथं गोडाऊन उभं राहिलं. घर पाडायच्या आधी तिनं ओट्यावरच्या मनी प्लांटची एक फांदी खुडून आणली आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत लावली. बघता बघता वेल खिडकीचे गज धरून टीव्हीच्या मागं जाऊन पोचला.

यंदा आषाढात पानं पिवळी पडू लागली. तहानला असेल म्हणून तिनं पाणी वाढवलं, तर जास्तच गळाली. सुट्टीच्या दिवशी बुडखा चाचपला, तो मऊ. मातीला गटाराचा वास. अंगणात पोतं अंथरून तिनं बादली उपडी केली. मुळं काळी, लिबलिबीत. ओढली की साल हातात येत होती.

नवरा रविराज आणि सासरे गेनबा भोवती जमले. पाणी कोण कोण घालतं, तिनं विचारलं. रविराज फर्स्ट शिफ्टला निघताना तांब्याभर घालायचा. कंपनीतून आल्यावर संध्याकाळी ती स्वतः. गेनबा म्हणाले, "आन म्या देवाच्या आंघुळीचं. अंगणात फरशी बसली, वतायचं कुठं? पायाखाली येतं."

"म्हणजे वेलाला तिन्ही शिफ्ट, आबा. आन सुट्टी एक न्हाई," अनिता म्हणाली.

हसता हसता तिच्या हातात बळ आलं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीनं तिनं सडकं सगळं छाटलं. हिरव्या, टणक पेरांचे तीन तुकडे निघाले, ते लोणच्याच्या काचेच्या बरणीत पाण्यात उभे केले. जुनी माती लांब फेकली. बादलीला तर भोकच नव्हतं, साचलेलं पाणी जाणार कुठून? रविराजनं सळई तापवून बुडाला भोकं पाडली, वर खापऱ्या घातल्या, त्यावर वाळू आणि नारळाचा भुसा मिसळलेली नवी माती.

मग रोज संध्याकाळी खांद्यावरची पर्सही न उतरवता अनिता आधी बरणीपाशी. पाणी बदलायची, पेरं न्याहाळायची. काहीच नाही. आणि एका संध्याकाळी पेराशी तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं शुभ्र टोक दिसलं. तिनं अख्खं घर गोळा केलं. बरणी उजेडाला धरली, तर दुसऱ्या तुकड्यालाही एक.

मुळं बोटभर झाल्यावर तुकडे बादलीत गेले. आता कुणीही आधी मातीत बोट खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी.

दुसऱ्या सकाळी देवाचं पाणी घेऊन गेनबा बादलीपाशी थांबले. बोट घातलं. ओल लागली. तांब्या तसाच धरून ते रस्त्यापलीकडच्या शेवग्याकडं निघाले, आणि उंबऱ्यातून मागं वळून म्हणाले,

"तुजं माहेर खुशाल हाय, पोरी."